जाळीच्या कपाटातल्या दोघी

झुंबरचं माहेर वडनेर भोलजीचं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिला भेटलात तर चहा उकळायच्या आत ती स्वतःच सांगेल. वडनेरचं पाणी गोड, वडनेरची माणसं दिलदार, वडनेरच्या मिरचीचा ठसका असा की विचारू नका. उभं आयुष्य देऊळघाटात गेलं हिचं, पण तोंडातून वडनेर काही सुटत नाही.

ती माझी धाकटी जाऊ. मी विमल, वामनराव कृषी केंद्रवाल्यांची बायको. आमचं घर दोन मजली आहे, खाली दुकान, दुकानावर हिरवी पाटी, मागं गोदाम. तरी गावात कुणालाही आमचा पत्ता विचारा, "झुंबरमावशीच्या बाजूचं घर" असंच सांगतात. मधल्या भिंतीच्या पलीकडं दोन खोल्या आणि एक ओसरी, एवढंच तिचं घर. पण ओळख तिची आणि आम्ही तिच्या बाजूचे.

तिच्याबद्दल बोलायला लागले की लोकांना वाटतं, काय मोठ्या मनाची आहे विमलबाई, जावेचं कौतुक करते. कौतुक करायला गाव पडलंय. मी फक्त झालं ते सांगणार आहे.

दिसायला म्हणाल तर काही विशेष नाही. उंच, सावळी, पुढचे दात जरा बाहेर, हसली की सगळे दिसतात. आणि हसते सारखी. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते, त्यामुळं गावातलं प्रत्येक पोर तिला ओळखतं. बाजारात मी सोबत असले तरी पोरं तिच्याच पदराला लोंबकळतात. उकंडराव, म्हणजे माझे दीर, लवकर गेले. मूलबाळ नाही. अशा बाईनं तोंड पाडून बसावं असं मी म्हणत नाही, पण थोडं कमी हसावं की नाही? माझ्या दारचं कुत्रं भाकरी माझी खातं आणि झोपायला तिच्या ओसरीवर जातं. आता काय बोलायचं.

आणि ते कपाट. वाटण्या झाल्या तेव्हा सासूबाई बाजेवर बसून एकेक भांडं नावानं काढून देत होत्या. तांब्याचा हंडा मला आला, पितळी परात मला आली, मोठी कढई मला आली. घरात एकच जाळीचं कपाट होतं, लोखंडी पट्ट्यांचं, आत दोन फळ्या, तिन्ही बाजूंनी बारीक जाळी. सासूबाई त्यात दूध, दही, लोणी ठेवायच्या. त्याचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत असायचे, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. रोज सकाळी त्या वाट्या भरायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझं होतं, त्यामुळं कपाट माझं हे मी मनात धरूनच चालले होते. सासूबाई म्हणाल्या, "ते झुंबरीले राहू द्या. तिच्याजवळ दुसरं काय हाये?" पुढं मी डबल दाराचा फ्रिज घेतला, वर ओट्यावर ग्रॅनाइट बसवलं, पण झुंबरच्या घरात पाय ठेवला की नजर आधी त्या कपाटावर जाते आणि पोटात दुखतं. दुखतं तर दुखतं, लपवायचं कशाला.

तर आता समीक्षाचं सांगते. समीक्षा माझी नात, माझ्या मुलाची, प्रेमची मुलगी. प्रेम आणि सून सारिका दोघंही पुण्याला नोकरीला. पोरगी नऊ वर्षांची होईपर्यंत मला मिळाली ती सणाला आणि सुट्टीत, तीसुद्धा मोबाइलमध्ये डोकं घालून. यंदा त्यांची सांभाळणारी बाई सोडून गेली, दोघांच्या कामाच्या वेळा जुळेनात. प्रेम म्हणाला, वर्षभर देऊळघाटला ठेवून बघू, रमली तर पुढंही राहील, नाही रमली तर हॉस्टेल. हॉस्टेल हा शब्द ऐकला आणि मी ठरवलं की पोरगी इथं रमणार, आणि माझ्याशी रमणार. मला तिच्या तोंडी सकाळी उठल्याबरोबर माझी हाक हवी होती. शाळेतून आल्यावर दप्तर तिनं माझ्या अंगावर टाकायला हवं होतं. एवढंच मागणं होतं माझं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

पोरगी आली, पण बोलेचना. बुलढाण्याच्या शाळेची व्हॅन दारात यायची, त्यात बसायची, परत यायची, दोन घास चिवडायची आणि खिडकीत जाऊन बसायची. मी शेवया केल्या, पुरण घातलं, तिच्यासाठी नूडल्स करायला शिकले. शेवटी प्रेमला फोन लावला, तेव्हा तो चाचरत म्हणाला की आम्ही तिला एक कबूल केलंय. पुण्यात वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीनं पांढरे उंदीर पाळले होते. आजीकडं गेलीस की तुलाही उंदीर मिळतील, असं सांगून यांनी पोरगी गाडीत बसवली होती.

उंदीर. आमच्या घरात. आमच्या दुकानात पेरणीनंतर सगळ्यात जास्त काय खपत असेल तर उंदराचं औषध. गोदामात बियाण्याची पोती असतात म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात आम्हीच गोळ्या टाकून ठेवतो. आमचे हे ऐकून खो खो हसले. मी हसले नाही. मला वाटलं, हीच संधी आहे. पोरीला हवं ते मी आणून दिलं तर पोरगी माझी.

दुसऱ्याच रविवारी तिला घेऊन बुलढाण्याला गेले. बसस्टँडच्या मागं आसिमचं दुकान आहे, रंगीत मासे, लव्हबर्ड, ससे असलं सगळं असतं त्याच्याकडं. एका काचेच्या पेटीत उंदीर होते. आपल्या गोदामातल्यासारखे नाहीत हो, साफसुथरे, काही पांढरेशुभ्र, काहींचं डोकं काळं आणि अंग पांढरं. आसिमनं समीक्षाला शिकवलं की उंदीर हातात घ्यायचा, कानाजवळ धरायचा आणि श्वास ऐकायचा. घरघर लागली असेल, शिंकत असेल, डोळ्याकडं लालसर लागलेलं असेल तर तो घ्यायचा नाही. पोरगी एकेकाला कानाशी धरून डोळे मिटून ऐकत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं पाहिलं. कोंबडी घेताना आपण वजन बघतो, पिसं फुंकून बघतो, तसं मीही दोन-चार उचलून बघितले. भीती वाटली, पण पोरीसमोर दाखवली नाही.

"चाची, दोन माद्या घेऊन जा," आसिम म्हणाला. "एकला ठेवला तं झुरते. दोघी राहतीन मजेत, एकमेकीच्या अंगावर झोपतात."

"दोन बायका एका घरात?" मी म्हटलं. "मले नोको सांगू बाबा. म्या आयुष्य काढलं त्यात. जोडा दे, नर-मादी."

तो हसला आणि पिल्लं होतील म्हणाला. मी म्हटलं, होतील तर होतील, भरलेलं घर बरं. त्यानं दोनदा समजावलं, पण मी ऐकणारी नव्हे. दोन बायका एका जाळीत गुण्यागोविंदानं राहतात हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. मग समीक्षानं एक थोराड, थंड स्वभावाचा पांढरा नर निवडला, तळहातावर बसला की हलायचाच नाही. आणि एक काळ्या डोक्याची मादी, चपळ, डोळे मण्यांसारखे. त्याचं नाव लाडू ठेवलं, तिचं टोपी. घरी येईपर्यंत पोरगी बसमध्ये बोलत होती. माझ्याशी बोलत होती. मी तर त्या दिवशी हवेतच होते.

घर कसलं द्यायचं, हा विचार मी केलाच नव्हता असं नाही. आसिमनं पिंजरा दाखवला होता, पण माझ्याकडं कोंबड्या झाकायचं डालगं होतं, बांबूचं, चांगलं मजबूत. खाली गोणपाट, वर वरवंटा ठेवला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवून दिलं. कोंबडी आणि उंदीर यांच्या दातांत फरक असतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. सकाळी पाहते तर डालग्याला मूठ जाईल एवढं भोक, आणि आत कुणी नाही.

मागच्या खोलीला लागूनच गोदाम. गोदामात गोळ्या.

समीक्षा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती गोदामाच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "आजी, तुमच्याकडे उंदीर मारतात ना?" आमचे हे वाकून वाकून गोळ्या वेचायला लागले, दुकानातली दोन माणसंही लागली. मी पोत्यांमागं बॅटरी मारत होते आणि मनात गणपतीला म्हणत होते की बाबा, तुझंच वाहन आहे, तूच सांभाळ. पोरगी त्या दिवशी शाळेत गेली नाही, चहालाही शिवली नाही.

आणि मग पलीकडून झुंबरची हाक आली.

आम्ही गेलो. ती चुलीजवळ पाय पसरून बसलेली, पदर मांडीवर पसरलेला, आणि पदरात लाडू आणि टोपी ज्वारीच्या लाह्या खात होते. दोन्ही हातांत धरून, माणसासारखे. मोरीच्या भोकातून आले म्हणे. झुंबर म्हणाली, आधी घाबरली, झाडू उचलला, पण त्यातला एक पांढरा पाहून तिला वाटलं की हे कुणाचं तरी बाळ आहे, रानातलं नाही. समीक्षा धावत गेली आणि पदरातल्या उंदरांसकट झुंबरला मिठी मारली. माझ्या घरातून पळाले ते थेट हिच्याकडं. अहो, गावात एवढी घरं आहेत, पण उंदरांनासुद्धा हिचंच घर सापडावं?

झुंबरनं पुढं काय करावं? उठली, जाळीच्या कपाटातून लोणच्याच्या बरण्या काढल्या, साखरेचा डबा काढला, तूप काढलं, सगळं खाली वर्तमानपत्रावर मांडलं, आणि कपाट पुसून उंदरांना दिलं. ज्या कपाटासाठी माझा जीव जळत होता त्यात आता उंदीर राहणार. लोखंडी पट्टी, बारीक जाळी, कुरतडून कुरतडून काय कुरतडणार? वरच्या फळीवर जायला तिनं लाकडाची फळकुटं बांधून जिना केला. झोपायला जुन्या लुगड्याची झोळी टांगली. कुरतडायला बाभळीची काडी दिली. पाय पाण्याच्या वाट्यांत होतेच.

त्या दिवसापासून माझी नात पलीकडं राहायला गेली म्हणा ना. व्हॅन दारात थांबली की दप्तर ओसरीवर, तिच्या. अभ्यास कपाटासमोर बसून. जेवण तिच्याकडचं झुणका-भाकर, जी माझ्याकडं केली तर नको असायची. मला आजी म्हणायची आणि तिला छोटी आजी. पुण्याची पोरगी, पण महिन्याभरात "मले नोको" म्हणायला लागली, आणि तेही झुंबरच्या तऱ्हेनं, मान हलवून. मीही वऱ्हाडीच बोलते की घरात. माझं काही उचललं नाही तिनं.

दुकानात गिऱ्हाइकं यांना विचारायची, काय वामनराव, दुकानात औषध अन् घरात जावई? आमचे हे हसून सांगायचे, जावई आमच्याकडं नाहीत, भावजयीकडं उतरलेत. मी आत ऐकत असायची.

टोपीचं पोट वाढलं तेव्हा ते आधी झुंबरच्याच लक्षात आलं. लाडूला तिनं वेगळं काढलं आणि आसिमकडं परत पाठवलं, कारण बाळंत झाल्यावर नर जवळ असेल तर मादीला लगेच पुन्हा दिवस जातात, असं आसिमनं फोनवर सांगितलं. समीक्षा लाडूसाठी रडली आणि कुणाच्या कुशीत रडली ते सांगायची गरज नाही. मग पिल्लं झाली, गुलाबी, शेंगदाण्याएवढी. झुंबरनं मायेनं आत कापूस पसरून दिला. सगळं काही तिला कळतं अशातला भाग नाही, हे मी मुद्दाम सांगते. एक दिवस मी नुसती डोकवायला गेले होते तर एका पिल्लाच्या पायाला कापसाचा धागा गुंडाळलेला, पाय निळा पडत चाललेला. झुंबरनं धागा ओढून बघितला, तो आणखीच आवळला. मी नखं काढायची कात्री आणली, चष्मा लावला आणि धागा कापला. कापूस काढून टाकायला लावला, त्याजागी कागदाच्या पट्ट्या घातल्या. समीक्षानं माझ्या गळ्यात हात टाकले. तिचे केस माझ्या नाकात गेले, मला शिंक आली, पण मी ती दाबून धरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दप्तर पलीकडच्या ओसरीवर.

पिल्लं खाती झाली तशी आसिम येऊन घेऊन गेला आणि बदल्यात एक पांढरी मादी देऊन गेला, टोपीला सोबत म्हणून. तिचं नाव बर्फी. दोघींना एकदम सोडू नका म्हणाला. झुंबरनं कपाटाच्या दोन फळ्यांमध्ये जाळीचा तुकडा लावला, टोपी वर, बर्फी खाली. एकीच्या झोळीतलं फडकं दुसरीकडं, दुसरीचं हिच्याकडं, वासाची ओळख व्हावी म्हणून. मी म्हटलं, उगाच कष्ट, या दोघी एकमेकींचे कान तोडणार. झुंबर म्हणाली, बघू. आणि मग एका दुपारी तिनं मधली जाळी काढली. दोघी थोडा वेळ फुगल्या, एकीनं दुसरीला उलटं पाडलं. मी समीक्षाकडं बघितलं, म्हटलं बघ, मी काय सांगत होते. मग बर्फीनं टोपीची मान चाटायला सुरुवात केली. मला काम आठवलं आणि मी निघून आले.

आता ज्या गोष्टीनं मी पेटले ती. प्रेमनं व्हिडिओ कॉल केला, तो माझ्या फोनवर, पण पोरगी पलीकडं म्हणून मी फोन घेऊन पलीकडं गेले. समीक्षा खांद्यावर टोपी घेऊन बडबडत होती, शाळेचं, उंदरांचं, छोट्या आजीचं. सारिका स्क्रीनवर डोळे पुसत होती. प्रेम मला म्हणाला, "मम्मी, किती बरं झालं. काकूजवळ छान रमली बघ. पुढच्या वर्षीही राहू दे तिला, काकूजवळ."

काकूजवळ. फोन माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेल्यावर मी पलीकडं गेले. झुंबर शाळेत खिचडीला जायच्या घाईत होती, केस विंचरत होती. मी बसले नाही.

"उंदरं म्या आणले होते," मी म्हटलं.

"हाव बाई. तुमीच आणले."

"मंग ते माह्या घरी पाह्यजेत. पोरगीबी माह्या घरी पाह्यजे. प्रेम म्हणते काकूजवळ रमली. मी काय मेली हाये?"

तिनं फणी केसांत खोचून ठेवली. हसली नाही. तिला न हसताना मी उकंडराव गेले त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं भांडेल. मला भांडणच हवं होतं, शब्द तयार होते माझे, सासूबाईंच्या काळापासूनचे.

"कपाटाबिगर त्यायले करमणार नाई," ती म्हणाली. "कपाटच घेऊन जा बाई. पाठोते म्या."

मी कपाट मागितलं नव्हतं. देवाशपथ मागितलं नव्हतं. पण नको असंही म्हटलं नाही.

मी मनात म्हटलं, आता ही भर चौकातून कपाट मिरवत आणणार, म्हणजे गल्ली म्हणेल, बघा झुंबरमावशी, एकच वस्तू होती तीही मोठ्या जावेला देऊन टाकली. त्याचं उत्तर मी जुळवून ठेवलं. पण तिनं कपाट आणलं दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मागच्या दारानं. दुकानातली दोन माणसं आणि ती स्वतः एका बाजूनं धरून. आत टोपी आणि बर्फी झोळीत बसलेल्या. कुठं ठेवू एवढंच विचारलं. मी फ्रिजशेजारची जागा दाखवली. कपाट ठेवून, जाळीला बोट लावून ती गेली. जुळवून ठेवलेलं माझं उत्तर वायाच गेलं.

संध्याकाळी व्हॅन आली. मी दारात उभी होते. समीक्षा सवयीनं पलीकडं गेली आणि मी मनात म्हटलं, आता रडारड होणार, आता मला बोल लागणार. थोड्या वेळानं ती पळत आली, दप्तर माझ्या अंगावर टाकलं.

"आजी, छोटी आजी म्हणाली तुला टोपी-बर्फीशिवाय करमत नाही. तू रोज त्यांची आठवण काढायचीस, म्हणून तिनं पाठवलं. खरं ना?"

"हाव," मी म्हटलं.

"मग आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणून ती माझ्या कमरेला चिकटली आणि तिथूनच कपाटाकडं बघत राहिली. तिचा अभ्यास माझ्या ओट्याखाली झाला. जेवली माझ्याजवळ. सकाळी उठली आणि पहिली हाक मला मारली. मला जे हवं होतं ते सगळं, जसंच्या तसं, माझ्या घरात आलं होतं.

काकडी बारीक चिरून मी कपाटात घातली. टोपी आणि बर्फी एका झोळीत झोपल्या होत्या, एकीचं डोकं दुसरीच्या पाठीवर. आसिमचा राग आला.

मग मुंग्या लागल्या. समीक्षानं ओरडून दाखवलं, कपाटाच्या पायावरून लाल मुंग्यांची रांग थेट काकडीपर्यंत. पायाखाली वाट्याच नव्हत्या. कपाट आलं, पण वाट्या पलीकडंच राहिल्या होत्या. माझ्याकडं वाट्या काय कमी होत्या? पण पोरगी म्हणाली त्याच हव्यात, पितळी, जाड बुडाच्या, त्या हलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी भरत असे त्याच वाट्या त्या. म्हणून मी पलीकडं गेले.

झुंबर घरात नव्हती, दार नुसतं लोटलेलं. आत गेले. बरण्या अजून वर्तमानपत्रावरच होत्या, साखरेच्या डब्याला मुंग्या लागलेल्या. जिथं कपाट असायचं तिथं भिंतीवर चौकोनी डाग, आणि खाली फरशीवर चार वाट्या, चार कोपऱ्यांना, आपापल्या जागी. चारही पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. पाणी ताजं होतं, त्यात कचरा नव्हता की धूळ नव्हती.

ती आली तेव्हा मी तिथंच उभी होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, वाट्यांकडं पाहिलं, आणि हसली, पण दात न दाखवता.

"सकाळी हात जाते बाई सवयीनं," ती म्हणाली. "थांबा, देते."

तिनं एकेक वाटी उचलली, पाणी मोरीत ओतलं, पदरानं पुसली, एकात एक घालून माझ्या हातात दिल्या. काकडीची साल काढून देत जा, म्हणाली, टोपीला साल आवडत नाही. मी हो म्हटलं.

फरशीवर चार ओले गोल राहिले होते. माझ्या घरात आता कपाट होतं, उंदीर होते, पोरगी होती, आणि तिच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त असं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. वाट्या हातात धरून मी तिच्या ओसरीवरून खाली उतरले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याही वेळी तिचाच हेवा वाटत होता.